बोराडे सरांची बोली आपल्या वर्गात कधी येणार?



सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतली गोष्ट सांगते. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आल्यावर मी विचारलं, "कुठं होतास रे?" तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, मायसंगं रानात सोयाबीन काढलालतो. तव्हा..."

मी त्याला तिथंच अडवलं. "काढलालतो नाही, काढत होतो म्हण. आणि तव्हा नाही, तेव्हा." त्यानं "काढत होतो" म्हटलं आणि खाली बसला. पुढं काहीच बोलला नाही. मलाही वाटलं, चला, एक चूक सुधारली.

आठ दिवसांनी लोह्याच्या बाजारात त्याची आई भेटली. हाताला पट्टी बांधलेली. काढणी करताना विळा लागून बोट कापलं होतं. लेकरानंच धावत जाऊन शेजारच्या रानातली माणसं बोलावून आणली होती. 'तव्हा'च्या पुढं त्याला हे सांगायचं होतं. मी मात्र त्याचं क्रियापद दुरुस्त करत बसले.

त्या दिवशी घरी आल्यावर मला रा. रं. बोराडे सरांची 'पाचोळा' आठवली. डीएडला असताना ती कादंबरी मी पहिल्यांदा वाचली. छापील पुस्तकात आपल्या आजीसारखं बोलणारी बाई भेटते, याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं. मग मनात आलं, बोराडे सरांनाही लहानपणी कुणी असंच खाली बसवलं असतं तर?

हे सर काही परक्या मुलखातले नाहीत. लोह्याहून माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं की त्यांचं काटगाव त्याच तालुक्यात आहे. २५ डिसेंबर १९४० हा त्यांचा जन्मदिवस. शेतकऱ्याच्या घरातलं हे पोरगं शिकलं, मराठीचा प्राध्यापक झालं. पुढं त्यांनी वैजापूरला आणि नंतर औरंगाबादच्या देवगिरी महाविद्यालयात प्राचार्य म्हणून काम केलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ते अध्यक्षही होते. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ते गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांना राज्य शासनाचा विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला होता.

म्हणजे प्रमाण भाषा या माणसाला येत नव्हती असं कुणी म्हणूच शकत नाही. आयुष्यभर ती शिकवली. पण गावाची गोष्ट लिहायला बसले की ते गावाचीच बोली घ्यायचे. १९७१ साली आलेली 'पाचोळा' बघा. गंगाराम नावाच्या शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्यात आहे आणि ती सगळी सांगते त्याची बायको, तिच्या स्वतःच्या बोलीत. तिचं बोलणं 'शुद्ध' करून बघा. घटना सगळ्या त्याच राहतील, पण ती बाई उरणार नाही.

आणि सरांनी किती लिहिलं! कथा, कादंबऱ्या, नाटकं, समीक्षा. १९६२ च्या 'पेरणी' या कथासंग्रहापासून पन्नासहून जास्त वर्षं ते लिहीत राहिले. 'आमदार सौभाग्यवती' आणि 'नामदार श्रीमती'मध्ये राजकारणात आलेली बाई आहे. 'कथा एका तंटामुक्त गावाची'मध्ये सरकारी योजना गावात आल्यावर काय काय होतं ते आहे. गाव बदलत गेलं, तसं त्यांचं लिहिणंही बदलत गेलं.

आपल्या भागावरच लिहित राहणं हे काही कमीपणाचं काम नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हार्डीनं (१८४०–१९२८) आपल्या डॉर्सेट परगण्याला 'वेसेक्स' नाव देऊन कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. आज जग त्याला मोठा लेखक मानतं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला लेखक मात्र आपल्या मुलांना पाठाखालच्या दोन-चार ओळींपुरताच कळतो: जन्म, मृत्यू, प्रसिद्ध पुस्तकं. पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, विसरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. बोराडे सरांच्या नावाचा आपण अभिमान बाळगतो, पण ज्या बोलीत त्यांनी लिहिलं, तीच बोली वर्गात लेकराच्या तोंडून आली की आपण तिला चूक म्हणतो. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, शिष्यवृत्तीचा पेपर बोलीत असतो का? पुढं मुलाखत बोलीत होते का? पालकांची ही काळजी खरी आहे. मी स्वतः आई आहे, मलाही ती आहे. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे, त्यात सूट नको. शहरातल्या पोराला ती घरातच मिळते, आपल्या पोराला ती शाळेनंच द्यावी लागते. पण ती घरच्या भाषेत भर घालून द्यायची की घरची भाषा पुसून द्यायची, हा खरा प्रश्न आहे. ज्या मुलाला बोलायचीच भीती बसली, तो प्रमाण भाषा तरी कुठून बोलणार? लेकरू आधी बोलतं झालं पाहिजे. नीट काय ते पुढं शिकवता येतं.

त्या प्रसंगानंतर मी वर्गात तीन गोष्टी सुरू केल्या. तुम्हीही करून बघा, खर्च काहीच नाही.

पहिली: मूल काही सांगत असेल तर ते संपेपर्यंत मध्ये दुरुस्ती करायची नाही. त्याचं झालं की तेच वाक्य मी प्रमाण भाषेत म्हणते आणि फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिते. 'चूक-बरोबर' असं लिहीत नाही, 'घरी-पुस्तकात' असं लिहिते.

दुसरी: बोराडे सरांच्या कथासंग्रहांची नावं फळ्यावर लिहिली. पेरणी, मळणी, वाळवण, राखण. प्रत्येकानं घरी आजी-आजोबांना विचारून एका शब्दाची माहिती आणायची. थ्रेशर आल्यापासून खळंच न पाहिलेली मुलं 'तिवडा', 'पात', 'रास' असे शब्द घेऊन आली. एका आजोबांनी तर शाळेत येऊन चाड्यावर मूठ कशी धरायची ते करून दाखवलं.

तिसरी: शनिवारी वीस मिनिटं ग्रामीण कथेचं मोठ्यानं वाचन. चौथीच्या मुलांना झेपेल तेवढाच भाग मी आधी निवडून ठेवते. संवाद आले की मुलं खुदकन हसतात आणि म्हणतात, "मॅडम, हे तर आमच्यासारखंच बोलायलेत!"

पालकहो, तुमच्याकडूनही एक हवं आहे. पाहुण्यांसमोर लेकरू बोलीत बोललं तर त्याला डोळे वटारू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या मराठीत तुमच्या घरातली मराठीही आहे.

तो मुलगा आता पाचवीत गेला. मधल्या सुट्टीत मी त्याला पुन्हा विचारलं, "त्या दिवशी रानात काय झालं होतं रे?" त्यानं सगळं सांगितलं, विळ्यापासून दवाखान्यापर्यंत, सगळं बोलीत. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. शेवटी म्हटलं, "हे लिहून आण." दुसऱ्या दिवशी त्यानं दीड पान लिहून आणलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. त्या आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केल्या. 'माय' हा शब्द मात्र तसाच ठेवला.

तुमच्या वर्गात असं एखादं अर्धवट राहिलेलं 'तव्हा' आहे का? उद्या त्या लेकराला जवळ बोलवा आणि पुढचं विचारा.