प्रॉम्प्ट सजवा, पण पसारा आवरा!

हॉस्टेलवर कुणाच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट भारी दिसला, की त्याची स्क्रिप्ट आपल्या बॅशआरसी फाइलमध्ये आलीच! रंग, वेळ, गिटची ब्रँच… सगळं कसं झकास. सजवा की, कोण नको म्हणतंय? पण ती स्क्रिप्ट मागे काय पसारा ठेवते, ते कुणी बघतं का?

बॅशमध्ये फंक्शनच्या आत ठेवलेलं व्हेरिएबलही, 'लोकल' असं लिहिलं नाही, तर अख्ख्या शेलभर फिरतं. त्यात प्रॉम्प्टचं फंक्शन प्रत्येक कमांडनंतर चालतं. समजा, नको असलेल्या फोल्डरचा पत्ता तुम्ही 'डीआयआर' नावात ठेवला. प्रॉम्प्टही त्याच नावात चालू फोल्डरचा पत्ता ठेवत असेल, तर एंटर दाबताच तुमचा पत्ता पुसला जातो. मग 'डीआयआर'मधलं फोल्डर उडवायला गेलात, तर उडतो चालू प्रोजेक्ट! एररही येत नाही.

उपाय अगदी साधे. फंक्शनमधल्या व्हेरिएबल्सना 'लोकल' लावा. एकदाच लागणारी नावं काम झालं की 'अनसेट' करा. जी ठेवावीच लागतात, त्यांना वेगळी ओळख द्या. गिटसोबत येणाऱ्या प्रॉम्प्ट स्क्रिप्टमधल्या फंक्शनचं नाव उगाच दोन अंडरस्कोअरनं सुरू होत नाही!

शेल ही कॉमन रूम आहे, प्रॉम्प्ट तिथला पाहुणा. त्यानं नटूनथटून यावं, पण दुसऱ्याच्या खणात सामान कोंबू नये. म्हणून स्क्रिप्ट ढापण्याआधी तिच्यात 'लोकल' शोधा. नसेल, तर स्वतः लिहा. पाच मिनिटांचं तर काम आहे!