सावकाराला कायदा, कार्डाला कॅशबॅक

अकोल्यात किंवा अमरावतीत परवानाधारक सावकाराकडून काहीही तारण न ठेवता कर्ज घेतलं, तर तो वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के व्याज लावू शकतो. तुम्ही शेतकरी असाल तर १२ टक्के. तारण ठेवलं तर हेच दर अनुक्रमे १५ आणि ९ टक्क्यांवर येतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला आणि त्याच वर्षी राज्य सरकारने हे दर ठरवून दिले. त्याहून जास्त घेणं बेकायदेशीर.

आता तुमच्या खिशातलं क्रेडिट कार्ड बघा. पूर्ण बिल भरलं नाही तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. महिन्याला म्हटलं की आकडा कसा लहान, निरुपद्रवी वाटतो. वर्षाचा करा, ४२ ते ४५ टक्के होतात. शिवाय गृहकर्ज, पीक कर्ज, पर्सनल लोन यांच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र १८ टक्के असतो. तो धरला की ४५चे ५३ होतात. परवानाधारक सावकाराच्या जवळजवळ तिप्पट.

तरीही ‘कुठलं कार्ड घेऊ?’ असा प्रश्न आला की आपल्या पिढीचं उत्तर ठरलेलं असतं. या कार्डावर पाच टक्के कॅशबॅक, त्या कार्डावर लाउंज, तिसऱ्यावर सिनेमाचं तिकीट. रील्सवर हेच, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हेच. व्याजाचा विषय कोणी काढलाच तर एका वाक्यात उडवला जातो: ‘वेळेवर भर ना, व्याजाचा प्रश्नच नाही.’ माझं भांडण या वाक्याशी आहे. कार्ड हे आधी कर्ज आहे, मग बाकी सगळं. कर्ज जसं तोलायचं तसंच ते तोललं पाहिजे. आपण तोलावं आणि कायद्यानेही तोलावं.

बक्षिसाची किंमत

आधी बक्षिसाचाच हिशोब करू. समजा कार्ड म्हणतं, दर १५० रुपयांमागे २ पॉइंट. एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे दीडशे रुपयांवर आठ आणे, एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. वर्षात लाख रुपये खर्च केले तर तीनशे तेहतीस रुपये मिळाले. वार्षिक फी ५०० असेल तर जीएसटीसह ५९० गेले. फी माफ करून घ्यायला आणखी खर्च करा, अशी अट असते. ती पुरी करण्यासाठी जे विकत घेतलं जातं, त्याची गरज होती का, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही.

लाउंजचं तर विचारूच नका. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं ते एप्रिल २०२५मध्ये. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. मोफत लाउंजमधला उपमा खायचा तर अकोलेकराने आधी अडीचशे किलोमीटरवरचं नागपूर गाठायचं. आणि पाच टक्के कॅशबॅक असतो तो ठरावीक ॲपवर, ठरावीक मर्यादेपर्यंत. गांधी रोडवरच्या कापड दुकानात तुम्ही कार्ड काढलं, तर दुकानदार सरळ सांगतो, “भाऊ, कार्ड घासलं तं दोन टक्के जास्त लागतीन.” त्याचंही चूक नाही. कार्डाच्या व्यवहारात बँक त्याच्याकडून साधारण तेवढंच कमिशन कापते. यूपीआयवर १ जानेवारी २०२०पासून हे कमिशन शून्य आहे, म्हणून तो स्कॅनर पुढे सरकवतो.

थोडक्यात, हे बक्षीस बँकेच्या खिशातून येत नाही. काही हिस्सा दुकानदाराच्या कमिशनमधून येतो, जे तो शेवटी भाव वाढवून सगळ्याच गिऱ्हाइकांकडून, रोखीने घेणाऱ्यांकडूनही, वसूल करतो. आणि मोठा हिस्सा येतो तो ज्यांना पूर्ण बिल भरता आलं नाही त्यांच्या व्याजातून. पुण्यात-मुंबईत बसून पॉइंट गोळा करणाऱ्या शिस्तप्रिय इंजिनिअरची गोव्याची ट्रिप कोणाच्या तरी थकलेल्या बिलावर चालते. तो कोणीतरी कोण, हे बघायला हवं.

वीस हजारांचा प्रोग्राम

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारण बिलाच्या पाच टक्के धरू. वीस हजारांचं बिल असेल तर एक हजार. हजार भरा, विलंब शुल्क लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही. सगळं सुरळीत आहे असं वाटतं.

मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहून हा हिशोब पुढे चालवला. नवी खरेदी एका रुपयाचीही नाही. हजार भरल्यावर उरले एकोणीस हजार. त्यावर पावणेचार टक्क्यांनी ७१२ रुपये ५० पैसे व्याज, त्यावर १२८ रुपये २५ पैसे जीएसटी. पुढचं बिल आलं १९,८४० रुपये ७५ पैसे. हजार रुपये देऊन बिल कमी झालं एकशे साठ रुपयांनी.

असंच दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिलं तर वीस हजारांचं बिल दहा हजारांवर यायला ८७ महिने लागतात. सव्वासात वर्षं. तोवर तुमच्या खिशातून सुमारे ६३ हजार रुपये गेलेले असतात आणि दहा हजार देणं अजून शिल्लक असतं. व्याज आणि त्यावरचा कर मिळून जवळपास ५३ हजार. यात मी सवलत दिली आहे. प्रत्यक्षात पूर्ण बिल न भरल्यास व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून मीटर सुरू होतं.

आता हाच हिशोब सावकारी कायद्यात बसवून बघा. आपल्याकडे दामदुपट हा जुना शब्द आहे. सावकाराला मुद्दलाइतकं व्याज मिळालं की पुढे मागता येत नाही, हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत असत. २०१४च्या सावकारी कायद्यातही तोच नियम लिहिलेला आहे: व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त नको. वीस हजारांवर फार तर वीस हजार. कार्डाने ५३ हजार घेतले आणि मुद्दल अर्धंच फिटलं. तरी ते कायदेशीर, कारण बँकांचं कर्ज या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

वऱ्हाडाचं कॅलेंडर

‘वेळेवर भर ना’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर दर महिन्याच्या एक तारखेला पगार येणारा माणूस असतो. कार्डाची रचनाही त्याच्याचसाठी आहे. दर तीस दिवसांनी बिल, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत भरणा.

वऱ्हाडातलं घर असं चालत नाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात. कापूस त्यानंतर टप्प्याटप्प्याने घरात येतो, आणि भाव नसला तर घरातच राहतो. खर्च मात्र जूनमध्ये सुरू होतो. बियाणं, खत, पोरांची फी, कॉलेजचा प्रवेश, आणि पावसाळ्यात हमखास उद्भवणारा दवाखाना. जून ते ऑक्टोबर घरात पैसा नसतो, हे इथल्या अर्थकारणाचं गणित आहे. त्याला बेशिस्त म्हणता येत नाही.

‘पण शेतकऱ्याकडे कुठे असतं क्रेडिट कार्ड?’ बरोबर, बहुतेकांकडे नसतंच. ते असतं त्याच्या पोराकडे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, तेल्हाऱ्यातून शिकून हिंजवडीत लागलेल्या मुलाकडे. पगार त्याचा, पगारावर कार्ड त्याचं आणि गरज घरची. बापाचं पीक कर्ज मागच्या वर्षी थकलं म्हणून यंदा बँकेने नवं दिलं नाही, की खताचे पैसे पोराच्या कार्डातून जातात. आईचं ऑपरेशन झालं, कार्ड. बहिणीचं ठरलं, कार्ड. हे एखाद-दुसऱ्याचं नाही. गावाकडून शहरात आलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी मुलांचं कार्ड हे गावातल्या घराचं गुपचूप पीक कर्ज झालेलं आहे.

यातला विरोधाभास बघा. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांच्या नावाने राज्याची व्याज सवलत योजना आहे. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडतं. एकाच घरात बापाच्या नावावरचं कर्ज शून्य टक्क्यांचं आणि त्याच शेतासाठी पोराच्या नावावर घेतलेलं ४५ टक्क्यांचं. पहिल्यावर विधानसभेत चर्चा होते. दुसऱ्याची नोंद कुठेच होत नाही, कारण कागदावर तो ‘पुण्यातल्या तरुणाचा चैनीचा खर्च’ असतो.

तीन बचाव

पहिला बचाव: कार्ड विनातारण असतं, बँकेला धोका जास्त, म्हणून व्याज जास्त. मग तीच बँक त्याच माणसाला, त्याच ॲपवर, त्याच दिवशी ‘प्री-अप्रूव्ह्ड पर्सनल लोन’ कार्डाच्या निम्म्याहून कमी दराने कसं देऊ करते? तेही विनातारणच असतं. माणूस एकच, दर दोन. धोका एका रात्रीत तिप्पट होत नाही.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असंही नाही. एप्रिल २०२२च्या कार्डांविषयीच्या निर्देशांत लिहिलं आहे की व्याजाचा दर बँकेच्या खर्चाच्या आणि वाजवी परताव्याच्या मानाने समर्थनीय हवा आणि इतर विनातारण कर्जांशी सुसंगत अशी कमाल मर्यादा बँकेने स्वतःच ठरवावी. ही दोन वाक्यं नीट अंमलात आणली असती तर मला हा लेख लिहावा लागला नसता. पण मर्यादा ठरवायची बँकेनेच. सावकाराला आपला दर आपण ठरवायला सांगितलं असतं तर वऱ्हाडात काय झालं असतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

दुसरा बचाव न्यायालयाचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ला म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ला न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, आयोगाचा नाही, असा त्याचा गाभा. ठीक आहे. अधिकार कोणाचा हे ठरलं. ४५ टक्के न्याय्य आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याचा अधिकार आहे त्याने तो वापरावा, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

तिसरा बचाव सर्वांत चलाख आहे: मर्यादा घातली तर बँका गरिबाला कार्डच देणार नाहीत आणि तो अवैध सावकाराकडे जाईल. शेतकऱ्यांच्या कर्जाचे कायदे झाले तेव्हाही हीच भीती घालत. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला, पुढे सावकारी कायदे झाले. अवैध सावकारी संपली नाही हे खरं. पण म्हणून कोणी आज १८ टक्क्यांची मर्यादा उठवा म्हणत नाही. ज्याला ४५ टक्क्यांशिवाय कर्ज देणं परवडत नाही, त्याला ४५ टक्क्यांनी ते फेडणंही परवडणार नाही.

मग करायचं काय

कार्ड घ्यायचंच असेल तर क्रम उलटा करा. आधी ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाच्या कागदात वार्षिक व्याजदर शोधा. मग फी, विलंब शुल्क आणि रोख काढण्याचं शुल्क. कार्डाने एटीएममधून पैसे काढले तर त्याच दिवसापासून व्याज लागतं. बक्षीस सगळ्यात शेवटी. गेल्या वर्षात एकदा जरी महिनाअखेरीला घरून पैसे मागावे किंवा घरी जास्तीचे पाठवावे लागले असतील, तर बक्षिसाचा रकाना वाचूच नका. आजीवन मोफत कार्ड, कमी लिमिट आणि ऑटोपेमध्ये ‘एकूण देय रक्कम’. तिथे ‘किमान’ निवडलेलं असेल तर आजच बदला. बिल आधीच तुंबलं असेल तर बँकेतलं सोनेतारण किंवा पर्सनल लोन घेऊन ते मिटवा. कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. देणं बाकी नसेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये दंड ती तुम्हाला देते.

पण हे सगळं एकेकट्याचं शहाणपण झालं, आणि व्याजाच्या प्रश्नावर वऱ्हाडाने शहाणपणावर विसंबून चालत नाही हे कधीच शिकून घेतलं आहे. म्हणून मागण्या दोन. इतर विनातारण कर्जांशी सुसंगत कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने स्वतः आकड्यात सांगावी, आणि एकूण व्याजाला मुद्दलाची कड असावी, जशी सावकाराला आहे. दुसरी, बिलावर ‘किमान भरल्यास परतफेड लांबेल’ अशी मोघम सूचना नको. अमेरिकेत २००९च्या कायद्याने प्रत्येक बिलावर लिहावं लागतं की किमान रक्कमच भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील आणि एकूण किती पैसे जातील. बँकेच्या सर्व्हरला तो हिशोब करायला सेकंदही लागणार नाही.

२०२४च्या सुरुवातीला देशात क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. सप्टेंबर २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे उधारी आता चहाच्या टपरीवरच्या स्कॅनरपर्यंत पोचली आहे. पुढची कोटभर कार्डं अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाण्यासारख्या ठिकाणीच जाणार. ती पोचायच्या आत कायदा पोचला पाहिजे. सावकाराच्या बाबतीत तो फार उशिरा पोचला होता.