मागची चाके आणि उजवा पाय

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही चार दिवस धाकट्या भगिनीकडे मुक्कामास होतो. पहिल्याच रात्री शेजारच्या खोलीतून टायर किंचाळल्याचा आवाज येऊ लागला. आवाज थांबे, क्षणभर शांतता पसरे आणि पुन्हा तोच आवाज. बहीण त्रासून म्हणाली, "दादा, तू जन्मभर मुलं शिकवलीस, आता ह्यालाही काही सांग. लायसन्स हाती येऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि हा रात्रंदिवस भिंतीवर गाडी आपटतोय." आम्ही उपदेश करण्याच्या तयारीने आत गेलो आणि तासाभराने वही-पेन्सिल मागण्यासाठी बाहेर आलो. त्या तासात व पुढील दोन दिवसांत आम्हांस जे उमगले, ते घरोघरच्या नव्या चालकांच्या उपयोगी पडण्याजोगे आहे, म्हणून या खेपेस तोच विषय घेतला आहे.

भाचेराव जो खेळ खेळत होते त्याचे नाव 'ग्रान तुरिस्मो'. जपानच्या काझुनोरी यामाउची यांच्या हाताखाली तयार झालेला हा खेळ प्रथम डिसेंबर १९९७ मध्ये बाजारात आला. त्याचा सातवा भाग मार्च २०२२ मधला. सुट्टीत काम करून जमविलेल्या पैशांतून भाचेरावांनी टेबलाला आवळण्याचे स्टीअरिंग व पायांखालचे पेडलही आणले होते. पडद्यावरील गाडीचे वजन, टायरची पकड, स्प्रिंगांचा ताठरपणा या साऱ्याचा हिशेब खेळ क्षणाक्षणाला करीत असतो आणि हे घटक आपल्या मर्जीप्रमाणे बदलण्याचीही त्यात सोय आहे.

त्यांनी निवडलेली गाडी होती १९८१ सालची पोर्श ९११ टर्बो, जिला जाणकार ९३० या आकड्याने ओळखतात. इंजिन ३.३ लिटरचे, शक्ती ३०० अश्वशक्ती, आणि हे सारे धूड मागच्या आसाच्याही मागे टांगलेले. बेसावध चालकांना दगा देण्याच्या तिच्या स्वभावामुळे लोकांनी तिला 'नवऱ्याच्या जिवावर उठणारी' अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. शर्यतीचा मार्ग त्सुकुबाचा. हा टोकियोच्या ईशान्येकडील खराखुरा मार्ग, जेमतेम दोन किलोमीटरचा. त्याच्या शेवटी एक लांबलचक उजवे वळण आहे. नेमक्या त्याच वळणावर भाचेरावांची गाडी पुनःपुन्हा गरकन फिरून उलट तोंड करून उभी राही.

या दोषाला ओव्हरस्टीअर म्हणतात. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते, ते अंडरस्टीअर. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी आपण सांगितले त्याहून अधिक वळते, ते ओव्हरस्टीअर. कोकणात बैलगाडी पाहिलेल्यांना हे लवकर पटेल. गाडीत मागे भार जास्त झाला की धुरा वर उचलली जाते, गाडी उलाळ होते. म्हणून शहाणा गाडीवान पोती पुढे सरकवतो. भार कोठे आहे यावर गाडीचा स्वभाव ठरतो, हे त्याला कोणी शाळेत शिकविलेले नसते.

आम्ही आत गेलो तेव्हा भाचेरावांनी एका दमात सहा गोष्टी बदलल्या होत्या. परिणाम असा की गाडी आता वळेचना. नाक भिंतीकडे करून सरळ निघाली. "मामा, आता ही दुसऱ्याच रोगानं आजारी पडली," ते म्हणाले. आम्ही विचारले, "सहांपैकी कोणत्या औषधानं?" उत्तर नव्हते. एकाच वेळी पाच धडे शिकविले तर मुलाला कोणता कळला नाही हे शिक्षकाला समजत नाही, तसेच हे. मग आम्ही सर्व बदल रद्द करावयास लावले, वहीत तीन रकाने आखले आणि दहा फेऱ्या मारावयास सांगितल्या. पहिला रकाना वळणात शिरताना ब्रेकवर पाय असतानाचा, दुसरा वळणाच्या मध्याचा, तिसरा बाहेर पडताना वेग देतानाचा. गाडी फिरली की योग्य रकान्यात एक रेघ.

दहा फेऱ्यांत गाडी सात वेळा फिरली. पहिल्या रकान्यात एक रेघ, तिसऱ्यात एक आणि मधल्या रकान्यात पाच. त्या पाचही वेळा एकच गोष्ट घडली होती. लांब वळणात वेग जास्त वाटला की भाचेराव घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्याने उचलीत. पाय उचलताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, इंजिनाचा रोधही त्याच चाकांवर पडतो. आणि मागे टांगलेले जड इंजिन लंबकासारखे बाहेर झोकांडते. भीतीपोटी केलेली कृतीच अपघात घडविते, हे या गाडीचे वैगुण्य. म्हणून पहिली दुरुस्ती आम्ही गाडीत केलीच नाही. ब्रेक वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच संपवायचा, वळणात पाय उचलायचाच असेल तर हळूहळू, आणि बाहेर पडताना स्टीअरिंग जसजसे सरळ होईल तसतसा पाय दाबत जायचा, एवढेच सांगितले. पुढील दहा फेऱ्यांत सातावरून आकडा दोनावर आला. एकही स्क्रू फिरला नव्हता.

उरलेल्या दोनांसाठी मात्र गाडीलाच हात घालावा लागला, आणि तेथे तीन रकाने कामी आले. कारण दोष एक दिसला तरी प्रत्येक वेळचे औषध निराळे आहे. शिरताना शेपूट सुटत असेल तर ब्रेकचा अधिक वाटा पुढच्या चाकांकडे द्यावा. मागच्या दोन चाकांत शक्ती वाटून देणारे जे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असते, त्याची ब्रेकच्या वेळची पकड थोडी वाढविली तरी गाडी स्थिर राहते.

वळणाच्या मध्यास शेपूट सुटत असेल तर अँटी-रोल बार पाहावा. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही पोलादी दांडी गाडीला एका अंगावर कलू देत नाही. ज्या आसाची दांडी अधिक ताठ, त्या आसाच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार येतो; आणि भार दुप्पट झाला तरी टायरची पकड दुप्पट होत नाही, म्हणून त्या आसाची एकूण पकड घटते. तेव्हा मागची दांडी मऊ करावी किंवा पुढची ताठ करावी, म्हणजे मागच्या चाकांना पकड परत मिळते. मागच्या स्प्रिंगांचेही तसेच. मागची चाके पुढच्या टोकांशी किंचित आत वळलेली ठेवली तरी शेपूट ताळ्यावर राहते. वेगवान वळणांत मागच्या पंखाचा दाब वाढविणे उपयोगी पडते. संथ वळणात त्याचा फारसा लाभ नाही.

बाहेर पडताना शेपूट सुटत असेल तर डिफरन्शियलची वेग देतानाची पकड थोडी कमी करून पाहावी. फार कमी केली तर आतले चाक नुसतेच गरगर फिरते. या गाडीत आणखी एक मेख आहे. टर्बोची शक्ती पाय दाबल्यावर क्षणभराने, पण एकदम येते. तिथे वरचा गिअर घेतला तर तो धक्का सौम्य होतो.

एकेक बदल, पाच फेऱ्या आणि वहीत नोंद, असा आमचा क्रम चालला. मागची दांडी दोन घरे मऊ केली, मागची चाके जराशी आत वळविली, ब्रेकचा वाटा एक घर पुढे दिला. दुसऱ्या रात्री दहा फेऱ्यांत गाडी एकदाही फिरली नाही; फेरीचा वेळही घटला, कारण सावरण्यात जाणारा वेळ वाचला.

पोर्शच्या अभियंत्यांनीही याच रोगाशी वर्षानुवर्षे झुंज दिली आहे. आरंभीच्या काही ९११ गाड्यांत पुढच्या बंपरच्या आत लोखंडी वजने ठेवली होती. म्हणजे आपल्या गाडीवानाचीच युक्ती. १९६९ च्या मॉडेलात मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकविली, जेणेकरून इंजिनाचे ओझे आसापासून तितके लांब लोंबू नये. पुढे १९७७ मध्ये आलेल्या ९२८ या गाडीला असा मागचा आस दिला की वळणात पाय उचलताच चाके आपोआप किंचित आत वळत. चालक घाबरणारच, हे गृहीत धरून त्यांनी यंत्राला शहाणपण शिकविले. १९९५ पासून मोठ्या मोटारींत घसरण ओळखून चाकांना स्वतंत्र ब्रेक लावणारी विद्युत यंत्रणा येऊ लागली. आज ती साध्या गाड्यांतही असते. परंतु टायरच गुळगुळीत असेल तर ती तरी काय करणार?

हे वाक्य आमचे नव्हे, भाचेरावांचे आहे. चौथ्या दिवशी बहिणीच्या गाडीला दोन नवे टायर घालण्यास आम्ही दोघे गॅरेजात गेलो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, तेव्हा कारागिराने रिवाजाप्रमाणे नवी जोडी पुढे लावावयास घेतली. भाचेराव म्हणाले, "नवे मागे लावा आणि मागचे पुढे घ्या." कारागिराने आपल्या तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला. त्यावर या सतरा वर्षांच्या मुलाने शांतपणे सांगितले, की ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, ते स्टीअरिंगात कळते आणि वेग उतरताच पकड परत येते. पण मागचे घसरले तर गाडी फिरते आणि माझ्या आईला ती सावरता येणार नाही. टायर बनविणाऱ्या कंपन्यांचा सल्लाही हाच आहे. कारागिराने खांदे उडविले, पण टायर मागे लावले.

त्याच आठवड्यात योरे आला. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात कालवली जाऊन कसा चिखल होतो, हे वाचकांना ठाऊक आहे. नव्या चालकासोबत अनुभवी माणूस बसावा या नियमानुसार आम्ही शेजारी बसलो होतो. महामार्ग सोडून उतरणाऱ्या वळणावर पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक लागले. आमचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. भाचेरावांनी मात्र वेग वळणापूर्वीच उतरविला होता. त्यांनी पाय झटकला नाही, ब्रेकवर हलकेच टेकविला आणि गाडी रेषेत राहून हळू झाली. काहीही घडले नाही. घरी बहिणीने विचारले, "कसा चालवतो?" आम्ही म्हणालो, "तुझ्या माझ्यापेक्षा बरा."

खेळात गाडी उलटी फिरली तर एक बटण दाबून फेरी पुन्हा सुरू करता येते. म्हणूनच चुका करून पाहण्याची जागा ती, रस्ता नव्हे. पण तेथे केलेल्या चुका कोणी वहीत मांडून घेतल्या, तर त्यांतून धडा मिळतो. आपल्या घरातूनही असा किंचाळण्याचा आवाज येत असेल तर रागावण्यापूर्वी एकदा आत जाऊन विचारावे, "गाडी नेमकी केव्हा सुटते?" आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी आपल्या गाडीच्या मागच्या टायरांवर एकदा हात फिरवून पाहावा. असो.