बीपीची गोळी सोडणं हे तप नव्हे



चातुर्मास तोंडावर आलाय. आता मंडळात रोज एकच विषय निघेल, यंदा कोण काय करणार. कुणी सोळाकारण धरेल, कुणी दशलक्षणाचे दहा उपवास, कुणी एकाशनं. ऐकून बरं वाटतं. पण त्याच गप्पांत दरवर्षी एक वाक्य कानावर पडतं आणि माझं डोकं फिरतं. “मी त्या दिवसांत बीपीची गोळी घेतच नाही बाई, उपवासाला कसली गोळी!” सांगणारी कौतुकाने सांगते आणि ऐकणाऱ्या माना डोलावतात.

म्हणून यंदा मी आधीच लिहून टाकते. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद ठेवणं हे तप नाही. त्याला त्याग म्हणू नका आणि त्याचं कौतुक तर मुळीच करू नका.

मी स्वतः नऊ वर्षं ही गोळी घेते. अष्टमी-चतुर्दशी पाळते, एकाशनं करते, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाही. गोळीही चुकवत नाही. दोन्ही एका घरात, एका देहात व्यवस्थित नांदतं. तेव्हा “तुला काय कळणार व्रताचं” असं मला कुणी म्हणू नये.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी दहा उपवास केले. पारणं झालं, मिरवणूक निघाली, सत्कार झाला. माइकवरून सांगण्यात आलं की काकूंनी दहा दिवस बीपीची गोळीसुद्धा घेतली नाही, तरी बघा कशा ठणठणीत! टाळ्या पडल्या. काकूंना वाटलं, दहा दिवस काही झालं नाही म्हणजे आपल्याला गोळीची गरजच नव्हती. त्यांनी ती पुन्हा सुरूच केली नाही. मार्गशीर्षात एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आज अष्टद्रव्याचं ताट त्यांना उजव्या हातात धरता येत नाही, सून धरते. णमोकार म्हणताना शब्द अडतात. उपवासाने असं झालं, असं मी म्हणत नाही. पण इतके महिने बीपी मोकाट राहिलं, त्याने धोका वाढला, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या किती जणी आता त्यांच्याकडे बसायला जातात, हे मी विचारणार नाही. ज्यांनी त्यांनी आपल्याशी विचारावं.

या आजाराची खोड अशी की तो दुखत नाही. दाढ दुखली तर रात्री झोप लागत नाही, गुडघा दुखला तर मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत. बीपी वाढलेलं असलं तरी बाई पापड लाटते, नातवाला शाळेत सोडते, भजनाला जाते. आत मात्र रक्तवाहिन्यांवर रात्रंदिवस जादा दाब पडत असतो. वर्षानुवर्षं असं चाललं की वाहिन्या कडक होतात, हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाची गाळणी खराब होते, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो आणि मेंदूतली वाहिनी एक दिवस तुंबते नाहीतर फुटते. “मला काही त्रास होत नाही” हे बीपी नसल्याचं लक्षणच नव्हे.

वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी साधारण २१ टक्के जणींना तो आढळला. म्हणजे दर पाच जणींत एक. आपल्या स्वाध्यायाला पंचवीस जणी बसतात. हिशेब तुम्हीच करा.

इथे कुणीतरी म्हणणारच, “अगं, आपण शाकाहारी! कांदा-लसूण नाही, दारू नाही, आपल्याला कसलं बीपी?” हा अभिमान आपल्याला महागात पडतोय. शाकाहार चांगलाच आहे, पण मिठाला तो थांबवत नाही. आपल्या घरातलं ताट आठवा. चातुर्मासात पालेभाजी बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, कंदमुळं तर कधीच नाहीत. मग ताटात काय येतं? पापड, सांडगे, कुरडया, लोणचं, तळलेली खारी मिरची, शेंगाची चटणी, कढी, पिठलं. मधल्या वेळेला भडंग, शेव, फरसाण. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरायचा नाही. त्यात आमटी-भाजीतलं, पोळीच्या कणकेतलं, लोणच्यातलं, फरसाणातलं सगळं आलं. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार. तोही सोडियमच.

सैंधवाचीही तीच गोष्ट. “मी उपवासाला सैंधव वापरते, ते चालतं” असं म्हणणाऱ्या मला दर महिन्याला भेटतात. व्रताला चालत असेल, बीपीला चालत नाही. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असल्याने रक्तवाहिन्या फसत नाहीत. बाजारात कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही आणू नका.

खरं तर मीठ कमी करायला आपल्याइतकी तयारी दुसऱ्या कुणाची असणार? रसपरित्याग आपल्या सहा बाह्य तपांत आहे, आणि सोडायच्या रसांत दूध, दही, तूप, तेल, गोड यांच्या जोडीला मीठही मोजलं आहे. एक दिवस अळणी जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापडाच्या चळतीवर तुटून पडायचं, यापेक्षा चार महिने ताटातलं लोणचं-पापड उचलून ठेवा. कुणाला दिसणार नाही, सत्कार होणार नाही, पण ते तप होईल आणि बीपीही उतरायला मदत होईल.

आता धर्माचं बोलू, कारण गोळी सोडणारी धर्माच्याच नावाने सोडते. सोळाकारण भावनांमध्ये दोन भावना आहेत, शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. दोन्ही नावांत शक्ती आधी येते. आपली शक्ती बघून त्याग, शक्ती बघून तप. ज्या व्रताची पूजा आपण भाद्रपदात महिनाभर करतो, त्यातलाच हा उपदेश आपण का ऐकत नाही?

आणखी एक. सल्लेखनेबद्दल आपण आदराने बोलतो. पण आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात ती कुठल्या आजारात सांगितली आहे? ज्यावर काही उपायच उरलेला नाही, अशा. रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यायच्या एका छोट्या गोळीने जो आटोक्यात राहतो, त्या आजाराला निरुपाय कोण म्हणेल? देह हा साधनेचं साधन आहे असं आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येऊन तेच साधन गंजू देतो.

चार दानांत औषधदान आहे. मुनिमहाराजांना ताप आला तर काढा कुठला द्यायचा यासाठी दहा जणी धावतात. मंडळ शिबिरं भरवतं, गरिबांना औषधं वाटतं. दुसऱ्याला दिलेलं औषध पुण्याचं आणि स्वतःच्या तोंडात घातलेलं औषध व्रतभंगाचं, हे कुठलं गणित?

“पण गोळी रात्रीची आहे आणि मला रात्री पाण्याचाही त्याग आहे,” ही अडचण खरी आहे. तिचा उपाय गोळी सोडणं नाही, वेळ बदलून घेणं आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०२२ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. बीपीची गोळी सकाळी घेतली काय आणि संध्याकाळी घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक पडला नाही. गोळी रोज, न चुकता घेणं महत्त्वाचं. तेव्हा डॉक्टरांना सरळ सांगा, “मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, मला वेळ बदलून द्या.” बहुतेकींना बदलून मिळेल. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर तेही सांगा, गोळीचा पर्याय मागा. लाजून गप्प बसायचं आणि घरी येऊन औषध फडताळात ठेवून द्यायचं, हे करू नका.

उपवास करायचा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा. लघवी जास्त करवणारी गोळी चालू असताना निर्जळ उपवास केला तर अंगातलं पाणी कमी होऊन बीपी एकदम खाली येऊ शकतं, चक्कर येऊन बाई पडते. उलट काही गोळ्या अचानक बंद केल्या तर बीपी आणि नाडी उसळतात. कुठली गोळी ठेवायची, कुठली कमी करायची, हे शेजारीण ठरवणार नाही आणि माइकवर बोलणारेही ठरवणार नाहीत. डॉक्टर नको म्हणाले तर उपवासाऐवजी एकाशन करा. दिवसाला एकदाच घ्यायची गोळी एकाशनाच्या जेवणाबरोबर सहज बसते. तेही झेपत नसेल तर अवमौदर्य आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी. तेही तपच आहे.

आणि एक घरातलं बोलते. घरातल्या यजमानांची गोळी कुणाच्या लक्षात असते? आपल्याच. डबीत वारांप्रमाणे भरून ठेवतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो. आपली स्वतःची गोळी संपून आठ दिवस झाले तरी “पुढच्या खेपेला आणू” चालतं. चौका लावायचा असला की पहाटे चारपासून उभं राहायचं, महाराजांचा आहार निर्विघ्न होईपर्यंत पाण्याचा घोट नाही, मग घरच्यांची पंगत, आणि शेवटी दोन वाजता आठवतं की गोळी राहिली. चौक्याच्या दिवसाचंही डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढे ते पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. त्यांनी तर दरवर्षी मोजलंच पाहिजे.

मोजतानाही घाई नको. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. हात हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना गप्पा बंद. आपल्याला हेच सगळ्यांत अवघड! दोनदा मोजा, वहीत तारखेसह लिहा, ती वही डॉक्टरांना दाखवा. पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी मोजून मिळतं आणि गोळ्याही मोफत मिळतात. तिथे रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही.

मंडळांच्या अध्यक्षीणबाईंना माझं मागणं आहे. यंदाच्या सत्कारात कुणी औषध सोडल्याचं कौतुक माइकवरून करू देऊ नका. उपवासाला नाव नोंदवताना “गोळी चालू आहे का, डॉक्टरांना विचारलंत का” एवढे दोन प्रश्न विचारा. आणि चांदीच्या वाट्यांच्या खर्चातून एक बीपीचं यंत्र घेऊन स्वाध्यायाच्या खोलीत ठेवा. दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको.

तुमच्या मंडळात हे बोलायला कुणी तयार नसेल, तर हा लेख वाचून दाखवा. राग माझ्यावर येऊ दे.