पिकअपचा सायलेन्सर बदलताय? आधी गाडीखाली वाकून बघा

बुलेटचे कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो आता वाचकांना नवे नाहीत. पुणे, नागपूरसारख्या शहरांत वाहतूक पोलिसांनी अशा मोहिमा केल्या आहेत. पिकअपकडे मात्र तेवढे लक्ष गेलेले नाही. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस हौसेने घेणारा आवाजासाठी सायलेन्सर बदलतो, तर बोलेरो पिकअपवर पोट असणारा खर्च वाचवण्यासाठी. दोघांच्या गरजा वेगळ्या, पण गॅरेजमध्ये सल्ला बहुतेकदा एकच मिळतो: ‘मधला डबा काढून टाका, गाडी मोकळी होईल.’

सगळा घोळ या मधल्या डब्याचा आहे.

डब्यात असते काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल पिकअपमध्ये इंजिनातून निघालेला धूर आधी टर्बोतून, मग ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून आणि पुढे डीपीएफमधून, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमधून जातो. काही गाड्यांत युरियाचे द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणाही असते. ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो, तो या सगळ्यानंतर येतो.

डीपीएफ म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, बारीक नळ्यांचा ठोकळा. प्रत्येक नळीचे एक तोंड बंद असते. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत अडकते. ती साठली की गाडी स्वतःच तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन काजळी जाळते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते.

भाजी मंडईतून दुकानात, दुकानातून गोदामात अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. तरीही गाडी तशीच दामटली, तर इंजिन स्वतःच ताकद कमी करते आणि भरलेली गाडी चढावर रडू लागते. सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या डीपीएफचा आकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे होतात. नेमक्या याच वेळी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्याच्या एका अंशात काम करून देतो. डबा कापायचा, आतली जाळी फोडून काढायची, वरून वेल्डिंग करायचे आणि सेन्सरला काही कळू नये म्हणून ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलायचे.

हप्ते फेडणाऱ्या माणसाला हा मोह का पडतो, हे समजण्यासारखे आहे. पण किंमत तोच मोजतो. डिझेलचा धूर माणसात कॅन्सर घडवतो, असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच केले आहे. हा धूर सर्वांत आधी छातीत जातो तो फाळका उघडून माल उतरवणाऱ्या हमालाच्या आणि गाडी चालू ठेवून शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या.

शिवाय दिवा लागला म्हणजे डीपीएफ संपला असे नसते. सुरुवातीच्या टप्प्यात मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेवर सलग गाडी चालवली की अनेकदा दिवा विझतो. नाही विझला तर वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून रिजनरेशन करता येते. फिल्टर उतरवून साफ करणे ही त्यापुढची पायरी. एक गोष्ट मात्र बऱ्याच मालकांना कुणी सांगतच नाही. काजळी जळते, पण इंजिन ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसून राहते. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी भलतेच ऑइल टाकले, तर ते शेवटी डीपीएफच्या खात्यावर पडते. कंपनीने सांगितलेल्या लो-अ‍ॅश ग्रेडचेच ऑइल घ्यावे.

ताकद वाढते का?

‘थोडा बॅकप्रेशर हवाच’ आणि ‘पाइप जेवढा जाड तेवढी गाडी पळते’ ही दोन्ही वाक्ये एकाच गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. टर्बो इंजिनाला टर्बोच्या पुढे अडथळा जितका कमी तितका बरा, हे खरे. अडीच इंची पाइपऐवजी तीन इंची घेतला तर आतले क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, हेही खरे. पण टाकीच्या नळाला गाळणी बसवली की पुढचा पाइप कितीही जाड घेतला, तरी पाणी गाळणीतून येईल तेवढेच. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत फक्त मागचा सायलेन्सर बदलून जाणवण्याइतकी ताकद मिळत नाही. आवाज बदलतो आणि कान त्यालाच ताकद समजतात.

मग निवडायचे काय?

डीपीएफच्या मागचा भाग, एवढेच. तोही गंजला, फुटला किंवा दगडावर आपटून चेपला असेल तेव्हा. कंपनीचा किंवा त्याच मापाचा, तेवढाच आवाज दाबणारा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे.

कोकणातल्या खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. स्टेनलेसमध्ये ४०९ ग्रेडला वरून तांबूस गंज दिसतो, पण तो बरीच वर्षे तग धरतो. ३०४ महाग आणि जास्त टिकाऊ. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असे सांगतो. चुंबक तर स्वस्त २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देताना दुकानदार किती रेंगाळतो, त्यावरून बरेच काही कळते.

पाइप कुठून जातो हे पिकअपमध्ये कारपेक्षा जास्त महत्त्वाचे. रिकाम्या गाडीत ठीक दिसणारा पाइप टनभर माल भरल्यावर, पाटे दबले की अ‍ॅक्सलवर आपटतो. म्हणून जागा भरलेल्या गाडीतच तपासावी. स्टेपनी आणि ब्रेकच्या नळ्यांपासून पुरेसे अंतर हवे. काही जण पाइप हौद्याखालीच तोडून सोडतात. मग धूर खाली कोंडतो आणि केबिनमध्ये शिरतो. पाइपचे तोंड हौद्याच्या कडेबाहेरच निघाले पाहिजे.

आवाजाची परीक्षा दुकानासमोर रेस देऊन होत नाही. काचा बंद करून हायवेवर ८०च्या वेगाने वीस मिनिटे चालवा. काही सायलेन्सर नेमक्या त्या आरपीएमला असे घुमतात की नाशिकहून मुंबईला पोहोचेपर्यंत डोके उठते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना मनाप्रमाणे बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. पीयूसी मिळाली म्हणजे सुटलो, असेही नाही, तिथे आवाज मोजलाच जात नाही. मालवाहू गाडीला फिटनेससाठी पुन्हा आरटीओसमोर उभे राहावेच लागते.

पण रोडरोलर फिरतो तो फक्त मालकाच्या सायलेन्सरवर. जाळी फोडून देणारा आणि सॉफ्टवेअर बदलून देणारा दुसऱ्या दिवशी पुढच्या गाडीखाली शिरलेला असतो. कारवाई त्याच्या शटरपर्यंत पोहोचत नाही तोवर फोटो तेवढे चांगले येतील.

तोपर्यंत मालकांनी दोन गोष्टी कराव्यात. काम झाल्यावर काढलेला मूळ भाग गॅरेजमध्ये सोडू नये, घरी न्यावा. आणि उष्णता अडवणारे पत्र्याचे कवच ‘खडखडतंय’ म्हणून काढू देऊ नये. रिजनरेशन सुरू असलेली गाडी वाळल्या गवतावर किंवा पसरलेल्या कडब्यावर उभी केली, तर आग लागायला तेवढे पुरते.