गणवेशाविना रणात

सैन्य पोटावर चालते, असे म्हणतात. ते पोट भरणारा माणूस मात्र बहुधा गणवेशात नसतो. १७६१ साली पानिपतावर फौजेबरोबर गेलेल्या बिनलढाऊ लोकांची काय गत झाली, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. लढणाऱ्यांची नावे इतिहासाने राखली. यांची धड मोजदादही झाली नाही.

आजच्या संयुक्त लष्करी मोहिमांत त्यांची जागा स्वयंपाकी, ट्रकचालक, दुभाषे आणि तंत्रज्ञ यांनी घेतली आहे. या मुलकी माणसांच्या प्रवासाच्या अधिकारपत्राला कारकुनी कटकट समजण्याची चाल आहे. कायदा तसे समजत नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारान्वये फौजेसोबतचा पुरवठादार, वार्ताहर वा मजूर शत्रूच्या हाती पडल्यास त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. परंतु त्या फौजेने त्याला अधिकृत परवानगी दिलेली असली पाहिजे, ही अट आहे. ‘नाटो’ राष्ट्रांच्या १९५१ च्या करारात शिपायाला ओळखपत्र व प्रवासाचा हुकूम पुरतो. मुलकी नोकराला मात्र पारपत्र लागते, आणि तो फौजेचा मुलकी नोकर असल्याची नोंद त्यावर असावी लागते.

हा कागद नसला म्हणजे काय होते, ते २००४ साली इराकमध्ये दिसले. जॉर्डनमधील नोकरीच्या आशेने घर सोडलेले बारा नेपाळी तरुण कंत्राटदारांच्या साखळीतून अमेरिकन तळावरील कामासाठी इराककडे नेले गेले. वाटेत त्यांचे अपहरण झाले आणि बाराही मारले गेले. त्याच वर्षी जुलैत पळविले गेलेले तीन भारतीय ट्रकचालक सुदैवाने सप्टेंबरात सुटले. प्राण दैवाच्या हवाली करणे, ही व्यवस्था नव्हे.

कागदपत्रांनी मोहिमेला विलंब होतो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु त्यावर उपाय कागद आधी तयार ठेवणे हा आहे, ते वगळणे हा नव्हे. माणूस देश सोडण्यापूर्वीच तो कोठे चालला, कोणत्या फौजेच्या अधिकाराखाली राहणार, आणि जखमी झाला वा पकडला गेला तर त्याची जबाबदारी कोणाची, हे त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेले असावे. भारताने २०१६ साली अमेरिकेशी लष्करी पुरवठा-सहकार्याचा करार केला आहे. परदेशी सैन्यांबरोबर आपल्या कवायतीही चालतात. तेव्हा हा प्रश्न परक्याचा राहिलेला नाही.

शिपायाला गणवेश असतो. मुलकी माणसाला केवळ कागद असतो. तो तरी खरा आणि पुरा असावा, ही मागणी अवास्तव खास नाही.