देवाच्या लेखी मोठी बातमी कोणती?

'वर्तमानपत्र' आणि 'शुभवर्तमान' हे मराठीतील दोन शब्द एकाच घरचे. पहिले रोज सकाळी आपल्या दारात येऊन पडते; दुसरे नाव ख्रिस्ती धर्मग्रंथातील चार चरित्रांस लावले जाते. नाते इतके जवळचे असल्यामुळेच की काय, कित्येक ख्रिस्ती उपदेशकांनी दोहोंची गल्लत करून टाकली आहे. कोठे युद्ध पेटले, भूकंप झाला, एखादी राजवट उलथली, की ते ग्रंथ उघडतात, बोटांवर वर्षे मोजतात आणि जगाचा अंत जवळ आल्याची ग्वाही देतात. दुसरा वर्ग याहून सभ्य आहे. तो राज्यकर्त्यांची मर्जी, संस्थांचे महोत्सव आणि मंडळीच्या वाढत्या संख्येचे तक्ते यांतच देवाची कृपा वाचतो. दोघांचे गृहीत एकच : माणसांना जी बातमी मोठी वाटते तीच देवालाही मोठी वाटते. हे गृहीत ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नाही, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे. आणि आम्ही ते ख्रिस्ती म्हणूनच म्हणतो.

लूकाने आपल्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ एखाद्या दक्ष सरकारी लेखनिकासारखा केला आहे. तिबिर्य कैसराच्या कारकीर्दीचे पंधरावे वर्ष, यहूदियात पंतय पिलात सुभेदार, गालीलात हेरोद, इतर मुलखांत त्याचा भाऊ फिलिप आणि लुसनिय, धर्मपीठावर हन्ना व कयफा. सात नावे, सातही अधिकाराची. वाचकास वाटते, आता यांपैकी कोणाकडे तरी देवाचा निरोप जाणार. तो जातो अरण्यात, जखऱ्याचा पुत्र योहान याच्याकडे. त्याच्याजवळ ना पद होते, ना कचेरी. साम्राज्याची सारी पदावली त्या वाक्यात केवळ मिती सांगण्याच्या कामी आली आहे!

'शुभवर्तमान' या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाची कथाही अशीच उद्बोधक आहे. इ. स. पूर्व ९ मधील प्रिएने येथील शिलालेख औगुस्त कैसराच्या जन्मदिवसाला जगासाठी शुभवर्तमानांचा आरंभ म्हणतो. आशिया प्रांताने तर आपला वर्षारंभही त्या दिवसावर नेला. राजस्तुतीत रुळलेला तोच शब्द मार्काने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत घेतला आणि क्रूसावर मारल्या गेलेल्या एका सुताराच्या चरित्रास लावला. ज्यांना आजही सत्तेच्या मथळ्यांत शुभवर्तमान दिसते, त्यांनी हा शब्द पुन्हा कैसराच्या स्वाधीन केला आहे, असेच आम्ही म्हणू.

यावर कोणी विचारील, मग लोकांच्या आपत्तीशी, राज्यातील न्याय-अन्यायाशी देवाला काहीच कर्तव्य नाही काय? आहे, निश्चित आहे. खोट्या तराजूने गरिबाला नागवणाऱ्या व्यापाऱ्याची वार्ता आमोस संदेष्ट्याने देवाच्या नावानेच सांगितली. पण वार्ता कशी वाचावी याचा धडा ख्रिस्ताने दिला आहे. पिलाताने काही गालीलकरांचा यज्ञाच्या वेळीच वध केल्याची बातमी लोकांनी त्याच्या कानी घातली, तेव्हा त्याने आपण होऊन दुसरी बातमी तिच्या जोडीला ठेवली : शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. दोन्हींवर त्याचा अभिप्राय एकच. मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते. ऐकणाऱ्यांनीच स्वतःकडे पाहून पश्चात्ताप करावा. दुसऱ्यांच्या विनाशावरून भविष्ये वर्तवणाऱ्यांना हा अभिप्राय पुरेसा झोंबावा.

स्वर्गात कोणत्या बातमीने आनंद होतो, हेही ख्रिस्ताने सांगून ठेवले आहे. शंभर मेंढरांतील एक हरवलेले सापडते. दहा नाण्यांतील एक हरवलेले सापडते. आणि पश्चात्ताप करणाऱ्या एका माणसाबद्दल तेथे उत्सव होतो. शंभरांपैकी नव्याण्णव सुरक्षित, हा आपल्या कोणत्याही खात्याच्या वार्षिक अहवालात उत्तम निकाल ठरेल. देवाच्या दफ्तरात मात्र तो अपुरा आहे, आणि प्रकरण मिटलेले नाही.

आपल्याच देशातील उदाहरण घ्या. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला; साम्राज्यभर चर्चमधून उपकारस्तुती झाली. त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा गोळा करून आणीत होत्या आणि केडगावात त्यांना आसरा देत होत्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळानेच गेले होते. रस्त्याच्या कडेला बसलेल्या मुलीत त्यांना आकडा दिसणे शक्यच नव्हते. त्या वर्षी देवाने या भूमीवरची कोणती बातमी आधी वाचली असेल? आम्हांस तरी संशय नाही.

परप्रांती नेमणुकीवर राहिलेल्या आमच्या वाचकांना हे पटवण्यास धर्मशास्त्र लागू नये. दूरच्या ठाण्यावर टपाल येई, तेव्हा आधी काय फोडले जाई? वर्तमानपत्रात मंत्रिमंडळे कोसळत असत. तरी हात आधी जाई तो घरच्या पत्राकडे. आईचा ताप उतरला की नाही, रुसून गेलेला भाऊ परतला की नाही, हे कळल्यावर मग राजकारण. आता टपालाची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे; क्रम मात्र बदललेला नाही. हा क्रम कोणी आपल्या विचारशक्तीचा दोष मानीत नाही, प्रेमाचे लक्षण मानतो. जो देव पिता आहे असे आम्ही रोज प्रार्थनेत म्हणतो, त्याने जगाचे टपाल याहून वेगळ्या क्रमाने का फोडावे?

तेव्हा उपदेशकांनी युद्धांची कात्रणे बाजूस ठेवावी, मंडळ्यांनी आपले तक्ते गुंडाळावे, आणि आपल्या गल्लीतून या वर्षी कोण नाहीसे झाले याची आधी चौकशी करावी. त्या चौकशीला निघालेल्या माणसाची बातमी उद्याच्या अंकात येणार नाही. देवाला ती तेथे वाचावी लागत नाही.